फोंडा, म्हणजे कोणता फोंडा?

आमच्या काकांना कुणी गावाचं नाव सांगितलं की ते आधी पिन विचारतात. ‘फोंड्याला एक पाकीट पाठवायचंय’ म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: ‘कोणता फोंडा?’

गोव्यात राहणाऱ्याला हा प्रश्न ऐकून हसू येतं. आपल्याला फोंडा एकच, मंगेशी-म्हार्दोळला जाताना लागणारा. पण कणकवली तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी दुसरा फोंडा आहे. त्याला फोंडाघाट म्हणतात खरं, पण पत्ता लिहिताना तिथलाच माणूस ‘घाट’ गाळतो. सावर्ड्याची तीच कथा. एक आपलं, कुडचड्याला चिकटलेलं, दुसरं चिपळूणजवळचं. काकांनी ३८ वर्षं असल्या जुळ्या गावांना वेगळं करण्यात काढली. ते आरेमेसमध्ये सॉर्टर होते.

आरेमेस म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. नावातल्या ‘रेल्वे’मुळे शेजारीपाजारी काकूला विचारत, ‘तुम्हाला काय, पास असेल फुकट!’ पास कसला? आरेमेसचा माणूस रेल्वेचा नोकर नसतो, तो टपाल खात्याचा असतो. रेल्वे फक्त डबा ओढते आणि त्याबद्दल टपाल खात्याकडून पैसे घेते. काकांना स्वतःच्या ड्युटीपुरता प्रवास होता, काकूला माहेरी जायला तिकीट काढावंच लागायचं. हा गैरसमज काकूने आयुष्यभर सोसला, म्हणून आधी तो निकालात काढला.

आता मूळ प्रश्न. टपाल खात्याला गाडीत बसून पत्रं वेगळी करणारी माणसं हवीतच कशाला?

समजा तुम्हाला वाळपईहून काणकोणला जायचंय. थेट बसची वाट बघत तुम्ही दिवसभर स्टँडवर बसणार नाही. मिळेल ती कदंब, म्हणजे आमची सरकारी बस, पकडून फोंडा गाठाल, तिथून मडगाव, मडगावहून काणकोण. पत्राचंही असंच आहे. देशात आज १ लाख ६० हजारांहून जास्त टपाल कार्यालयं आहेत. प्रत्येकाने प्रत्येकासाठी स्वतंत्र थैली बांधायची म्हटली तर एकट्या वाळपईच्या पोस्टात रोज दीड लाखावर थैल्या लागतील आणि त्यातल्या बहुतेक रिकाम्या जातील. म्हणून वाळपईचा कारकून इतकंच बघतो की पत्र गोव्यातलं आहे की बाहेरचं, आणि बाहेरचं असेल तर कुठल्या बाजूचं. पुढचं पुढच्या माणसाने बघायचं.

सॉर्टरच्या हातात भंडारा जिल्ह्यातल्या खेड्याचं पत्र आलं तर ते खेडं कुठल्या नदीकाठी आहे हे त्याला माहीत असायची गरज नाही. ते नागपूरच्या बाजूने जाणार एवढं कळलं की झालं. नागपूरचा सॉर्टर ते भंडाऱ्याच्या थैलीत टाकेल. उलट, गोव्याकडे उतरणाऱ्या डब्यातल्या सॉर्टरला शिवोली म्हापशाकडून जाते आणि कुंकळ्ळी मडगावकडून, हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. जवळचं बारीक ठाऊक, लांबचं ठोकळमानाने. आपल्या सगळ्यांच्याच डोक्यातला नकाशा असा असतो. फरक एवढाच, की काकांच्या नकाशाची परीक्षा रोज रात्री व्हायची.

हे सगळं स्टेशनाजवळच्या एखाद्या खोलीत बसून करता आलं असतं, पण त्यात वेळ जातो. थैल्या संध्याकाळी येणार, रात्रभर त्या उघडून पत्रं लावणार, सकाळी पुन्हा बांधणार, मग पुढची गाडी. म्हणजे गाडी धावत असताना पत्र थैलीत झोपलेलं आणि पत्राचं काम चालू असताना गाडी निघून गेलेली. १८६० च्या दशकात, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावून दहाएक वर्षं झाली तोच, अलाहाबाद-कानपूर मार्गावर गाडीच्या डब्यातच पत्रं लावून बघितली गेली. गाडी पळते तेव्हाच काम उरकायचं. पुढचं जंक्शन यायच्या आत त्या जंक्शनची थैली लाखबंद होऊन दारापाशी उभी हवी. मला विचाराल तर टपाल खात्याला सुचलेली ही सगळ्यात हुशार गोष्ट होती. नंतर सुचलेल्या पिनकोडपेक्षाही. काकांना हे पटत नाही, त्यांचं मत पिनच्या बाजूने आहे. त्याकडे येतोच.

डबा आतून कसा असायचा? खिडक्या बेताच्या आणि जाळीच्या. एका भिंतीला जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत लाकडी कप्पे, कबुतरखान्यासारखे. दुसऱ्या बाजूला थैल्या लटकवायचे आकडे. मधे जेमतेम उभं राहण्याइतकी जागा. माणसं ठरलेली: एक हेड सॉर्टर, त्याच्या हाताखाली सॉर्टर, आणि थैल्या चढवायला, उतरवायला, उघडायला, बांधायला मेलमॅन. ज्या गाडीत नुसत्या बंद थैल्याच न्यायच्या, आत काही उघडायचं नाही, तिथे सॉर्टर नसत. तिथे एकटा मेलगार्ड असायचा. सॉर्टर आणि मेलगार्ड यातला फरक काकांना फार महत्त्वाचा वाटतो. कुणी त्यांना मेलगार्ड म्हटलं तर ते दुरुस्त करतात. मेलगार्डला कमी लेखायचं म्हणून नव्हे, अचूकपणाची सवय म्हणून.

गाडी सुटली की थैल्या फुटत. ‘थैली फोडणे’ हा त्यांचा शब्द. आतून गठ्ठे निघायचे, प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारखेचा शिक्का आणि तो गठ्ठा बांधणाऱ्याच्या नावाचा शिक्का. हा नावाचा शिक्का आरेमेसचा कणा आहे. मिरजेच्या गठ्ठ्यात बेळगावचं पत्र सापडलं की चिठ्ठीवरचं नाव बघायचं, चूक नोंदवायची, ती वरच्या कार्यालयात जाणार आणि तिथून त्या माणसाकडे खुलासा मागितला जाणार. हजारो पत्रांतलं एक पत्र, रात्रीचे दोन, गाडी वळणावर कललेली, आणि तरीही ते कुणी चुकवलं हे आठवड्याभरात कळायचं. इतकी चोख उत्तरदायी व्यवस्था मी दुसऱ्या कुठल्या सरकारी कामात पाहिलेली नाही. काकांना नोकरीच्या पहिल्या वर्षात असे बरेच खुलासे लिहावे लागले. मग त्यांनी आजोबांकडच्या जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांचे पत्ते केले, एका बाजूला गावाचं नाव आणि मागे त्याची थैली. घरी रेस्टवर आले की ओसरीवर बसून ते पिसायचे आणि लावायचे. आजीला वाटायचं, पोरगा जुगार शिकला.

रजिस्टर पत्रांची तऱ्हा वेगळी. साधं पत्र गठ्ठ्यात जातं, त्याचा एकेकटा हिशेब नसतो. रजिस्टर पत्राचा नंबर यादीत चढायचा आणि प्रत्येक हातबदलाला सही व्हायची. गाडीतून उतरताना हेड सॉर्टरच्या यादीत एक नंबर जास्त किंवा कमी निघाला तर तो जेवायला जाऊ शकत नसे.

शिक्क्यांवरून एक वेगळीच गोष्ट सांगतो, जुनी पाकिटं जमवणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. आरेमेसच्या प्रत्येक विभागाला इंग्रजी अक्षर असतं. पुण्याचा बी, भुसावळचा एल, नागपूरचा एफ, मिरजेचा बीएम. प्रत्येक धावत्या डब्याला, म्हणजे ‘सेक्शन’ला, त्या अक्षरापुढे नंबर. शिवाय शिक्क्यावर ‘आउट’ किंवा ‘इन’, म्हणजे मुक्कामाहून निघतानाची खेप की परतीची. आजोबांच्या ट्रंकेतलं एखादं पाकीट उलटून बघा. मागचा शिक्का वाचता आला तर ते कुठल्या बाजूच्या गाडीत, जाताना की येताना हाताळलं गेलं ते सांगता येतं.

आता गोवा. टपाल खात्याच्या नकाशावर गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये आहे. पणजीत मुख्यालय असलेल्या गोवा रीजनमध्ये कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मिरजेचा बीएम विभागही येतो. मिरज आणि गोवा यांचं नातं लोकांना चटकन लागत नाही, पण रेल्वेचा नकाशा काढला की उलगडतं. मुरगावहून निघणारी मीटरगेज लाइन पोर्तुगीज काळात, १८८० च्या दशकात झाली. मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे, मग घाट चढून दूधसागरावरून कॅसलरॉक, पुढे लोंढा. लोंढ्याहून वर बेळगाव, मिरज, पुणे. कोकण रेल्वे होईपर्यंत गोव्याला रूळ म्हणजे ही एकच वाट. कॅसलरॉक इंग्रजांचं, कुळे पोर्तुगिजांचं. १९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि ही वाटही बंद पडली, ती मुक्तीपर्यंत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि दहाच दिवसांनी, २९ डिसेंबरला, इथे भारतीय तिकिटं चालू झाली. जुनी पोर्तुगीज तिकिटंही ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालवून घेतली. राज्य बदललं तरी लोकांच्या घरातली तिकिटं वाया जाऊ नयेत एवढा विचार कुणीतरी केला होता, हे मला आवडतं.

सॉर्टरसाठी मात्र गोव्याची खरी अडचण वेगळी होती: एकेका गावाला दोन-दोन नावं. इंग्रजी पत्त्यावर ‘सांकेली’ वाटावं असं स्पेलिंग, मराठी पत्त्यावर साखळी. एकीकडे ‘आल्डोना’, दुसरीकडे हळदोणे. ‘क्वेपेम’ म्हणजे केपे, ‘कोर्तालिम’ म्हणजे कुठ्ठाळी, ‘बिचोलिम’ म्हणजे डिचोली. घाटावरून नव्याने आलेल्या सॉर्टरला क्यू अक्षराने सुरू होणारं गाव ‘के’च्या कप्प्यात असतं हे सांगूनही पटत नसे. त्यात तारवटी लोकांची, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांची, आणि आखातात गेलेल्यांची पत्रं. त्यांच्या पत्त्यात गावापेक्षा वाडा मोठा. वाडा, कपेल म्हणजे छोटं चर्च, शेजारचा खुरीस म्हणजे क्रूस, सगळं असायचं आणि तालुका नसायचा. काका म्हणतात, गोव्याच्या पत्त्यावर देव जास्त, पोस्ट कमी.

इथे पिनकोड कामाला आला. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. नंबराकडे सॉर्टरच्या नजरेने बघितलं तर तो सोपा आहे. पहिला आकडा देशाचा मोठा भाग: ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा. हा जिल्हा कलेक्टरचा नव्हे, डाक ज्या ठिकाणी वेगळी होते त्याचा. ४०३ म्हणजे गोवा. उरलेले तीन आकडे म्हणजे पत्र वाटणारं पोस्ट. गोव्यातसुद्धा त्यात एक लय आहे: पणजी ४०३००१, फोंडा ४०३४०१, म्हापसा, डिचोली, साखळी, वाळपई, पेडणे ४०३५ ने सुरू, मडगाव ४०३६ ने, केपे, कुडचडे, काणकोण ४०३७ ने आणि वास्को ४०३८ ने.

यातली गंमत सीमेवर दिसते. पेडण्याचा पिन ४०३५१२. पत्रादेवीचा नाका ओलांडला की बांदा, त्याचा ४१६५११. चालत जाण्याइतकं अंतर, पण बांद्याचे पहिले तीन आकडे कोल्हापूर-मिरजेच्या कुळातले. पेडण्याहून बांद्याला टाकलेलं पत्र चालत जाणार नाही. ते आधी स्वतःच्या सॉर्टिंग केंद्रात जाणार, मग समोरच्याच्या, मग बांद्याला. दक्षिणेला काणकोण ओलांडून कारवारला गेलात तर पहिला आकडाच बदलतो, ५. माणसाला हे वेडेपण वाटतं. कदंबची बस आठवली की वाटत नाही.

फोंड्याच्या दोन्ही पत्रांवर पिन यायला लागल्यावर काकांच्या लग्नपत्रिकांचे पत्ते हळूहळू माळ्यावर गेले. मी त्यांना विचारलं होतं, तुमची विद्या सहा आकड्यांत मावली याचं वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, ‘लोक पिन लिहीत होते कुठे? वीस वर्षं तरी आम्हीच होतो.’

नोकरीचं वेळापत्रक थोडक्यात सांगतो, कारण बाहेरच्याला ते कळत नाही. माणसांचे ‘सेट’ असत. एक सेट संध्याकाळी गाडीबरोबर निघायचा, सकाळी दुसऱ्या टोकाला पोचायचा, दिवसभर तिथल्या आरेमेसच्या रेस्ट हाउसमध्ये झोपायचा, संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचा. परतल्यावर घरचा रेस्ट. तोपर्यंत दुसरा सेट गेलेला असायचा. म्हणजे महिन्यातल्या निम्म्याअधिक रात्री घराबाहेर. त्याचा बाहेरगावचा भत्ता मिळे, आणि पगाराबाहेरचा हा पैसा फार गोड लागे असं काकू सांगते. रेस्ट हाउसात स्टोव्हवर भात-आमटी व्हायची, भांडी आळीपाळीने. काकांना मिरजेत सुकी मासळी परडीतून नेल्याबद्दल एकदा सगळ्या सेटने वाळीत टाकलं होतं. रात्री जेवायला तेच सगळे पुढे.

पावसाळ्यात घाट हा स्वतंत्र विषय. कुळे ते कॅसलरॉक चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाता जाता गाडी एक मीटर वर चढते. रेल्वेच्या हिशेबात हा खडा चढ. वर येताना मागून इंजिन लावावं लागतं. दूधसागराच्या पुलावर पाण्याचे तुषार डब्यात येत. लोक खिडकीला चिकटत आणि सॉर्टर कप्प्यांवर ताडपत्री ओढत. दरड आली की गाडी अडकायची. लाख वितळवायचा दिवा विझायचा. जाहिरातीत दिसणारा तो धबधबा काकांना आजही आवडत नाही.

ते १९७३ ला लागले. पुढच्याच मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला, ८ ते २७ मे १९७४. गाड्याच नाहीत तर धावता सॉर्टर काय करणार? थैल्यांचे ढीग साचले ते नंतर कितीतरी दिवस उपसत होते. तेव्हा दहावी-अकरावीच्या मार्कांवर भरती व्हायची. आता सॉर्टिंग असिस्टंट व्हायला स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीच्या पातळीवरची परीक्षा द्यावी लागते, मग खात्याच्या केंद्रात प्रशिक्षण. बढतीचा जिना अरुंद. १९८३ पासून १६ वर्षांनी एक ठरलेली वाढ, १९९१ पासून २६ वर्षांनी दुसरी, आणि २००८ नंतर १०, २०, ३० वर्षांचा हिशेब. ज्याला खरंच वर जायचं त्याने इन्स्पेक्टरची खात्यांतर्गत परीक्षा द्यायची. काकांनी ती दोनदा दिली. तिसऱ्यांदा फॉर्म भरला नाही, कारण इन्स्पेक्टर झालं की डबा सुटतो.

फॉर्मवरून आठवलं. आमच्या पिढीला आरेमेस माहीत असायचं एकच कारण म्हणजे अर्जाची शेवटची तारीख. पोस्ट पाचला बंद, आरेमेस रात्री उघडं. मेलच्या डब्यालाही पत्रपेटी असायची. जादा ‘लेट फी’चं तिकीट लावलं की सुटणाऱ्या गाडीत पत्र टाकता यायचं. बँकेच्या परीक्षेचा अर्ज हातात धरून मडगाव स्टेशनाकडे रात्री धावलेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत आणि त्यातली काही बँकेतून निवृत्तही झाली.

मग धावता डबा का गेला? एका झटक्यात गेला नाही. १ ऑगस्ट १९८६ ला स्पीड पोस्ट आलं, त्याने विमान आणि ट्रक धरला. फोनने घरगुती पत्रं नेली. गाड्यांमधले सॉर्टिंगचे डबे हळूहळू नुसते थैल्या वाहणारे झाले आणि पत्रं लावायचं काम जमिनीवरच्या कार्यालयात आलं. नव्वदीत गोव्याचे रूळ रुंद करायला घेतले तेव्हा मीटरगेज गेलीच. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबईची डाक घाटाऐवजी समुद्राच्या बाजूने येऊ लागली. काकांची शेवटची वर्षं पंख्याखाली, टेबलासमोर, बारकोडच्या बंदुकीबरोबर गेली. जमीन हलत नाही म्हणून सुरुवातीला त्यांची कंबर दुखायची, असं ते गंभीरपणे सांगतात. २०११ ला निवृत्त झाले. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळून टाकलं ही बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, ‘मग यादीवर सही कोण करतो?’

परवा माझं एक पुस्तकांचं पार्सल आठ दिवस आलं नाही. मोबाइलवर बघितलं तर ते फोंडाघाटला पोचून बसलेलं. विक्रेत्याने पत्ता बरोबर लिहिला होता, फोंडा, गोवा, खाली देवळाची खूणसुद्धा; पिन मात्र ४१६ ने सुरू होणारा. आकड्याने आकड्याचं ऐकलं आणि पार्सल गेलं. दहाव्या दिवशी ते घरी आलं. काकांनी ते उलटसुलट करून मागे नावाचा शिक्का शोधला, मिळाला नाही. पुढच्या बाजूला छापील पत्त्यातल्या ‘गोवा’भोवती कुणीतरी लाल पेनने गोल काढला होता, चुकीचा पिन खोडला होता आणि शेजारी हाताने ४०३४०१ लिहिलं होतं.

काकांनी चष्मा मागवला. ते सहा आकडे पार्सल उजेडाकडे धरून बघितले.

‘हात जुना आहे,’ म्हणाले.